१९८३ सालचे विनोदी हिंदी चित्रपट: तुमचा क्रम कसा लागतो?

अनुस्वार:

मंडळी, विनोदी चित्रपटांचं एकच साल निवडून क्रम लावायचा म्हटलं तर मी डोळे झाकून १९८३ वर बोट ठेवेन. १९७९ ला 'गोलमाल' आहे, १९८२ ला 'अंगूर' आहे, दोन्ही माझ्या जिवाभावाचे. पण एकाच वर्षात कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारो', सई परांजपे यांचा 'कथा' आणि हृषीकेश मुखर्जींचे एक सोडून दोन, 'किसी से ना कहना' आणि 'रंग बिरंगी'? अशी दाटी मला दुसऱ्या कुठल्या साली सापडत नाही.

हे चारही मी अलीकडे ओळीने पुन्हा पाहिले. लहानपणी दूरदर्शनवर पाहिले होते तेव्हा खूप हसलो होतो एवढंच लक्षात होतं. आता पाहताना हसू तेवढंच आलं, पण प्रत्येकाचं हसू वेगळ्या जागेवरून येतं हे पहिल्यांदा नीट कळलं, आणि म्हणूनच क्रम लावावासा वाटला.

आधी एक नियम सांगून टाकते, नाहीतर पहिल्या तीन प्रतिसादांत त्यावरूनच जुंपेल. साल धरायचं ते थिएटरात लागल्याचं. 'कथा'ला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो १९८२ सालासाठीचा, पण लोकांनी तो पाहिला १९८३ मध्ये. तेव्हा तो इथे चालेल.

माझा क्रम असा: कथा, जाने भी दो यारो, रंग बिरंगी, किसी से ना कहना.

शेवटच्या दोघांबद्दल फार सांगत नाही. दोन्ही बघताना छान वाटतं, दोन्हींत फारुख शेख आणि दीप्ती नवल आहेत, दोन्हींत उत्पल दत्त आहेत. 'रंग बिरंगी' अर्धं पाऊल पुढे ठेवला तो देवेन वर्मांमुळे. मित्राच्या संसाराला गंज चढलाय हे बघून तो त्याच्या आयुष्यात चक्क एक नाटक रचतो, आणि ते करताना चेहऱ्यावर असा भाव की आपण समाजसेवाच करतोय.

खरा वाद वरच्या दोघांत आहे, आणि 'कथा' वर का, ते सविस्तर सांगते.

'कथा'चं मूळ म्हणजे एस. जी. साठे यांचं 'ससा आणि कासव' हे मराठी नाटक. गोष्ट सगळ्यांना पाठ असलेलीच. चाळीत राहणारा राजाराम जोशी हा कासव, त्याच्या खोलीत येऊन तळ ठोकणारा मित्र बाशू हा ससा. राजारामचा शेजारच्या संध्या सबनीसवर जीव जडलाय, पण तोंडातून शब्द फुटत नाही. बाशू येतो, राजारामचंच खातो, त्याच्याच ऑफिसात थापा मारून वरच्या जागेवर जाऊन बसतो, साहेबाची बायको आणि मुलगी दोघींनाही गुंडाळतो, आणि संध्यालाही.

आता पात्रयोजना बघा. 'चष्मेबद्दूर'मध्ये सईंनीच ज्या फारुख शेखला लाजाळू, सरळमार्गी मुलगा केलं होतं, त्यालाच इथे लबाड केलंय. आणि एरवी ज्याच्या नजरेत धार असते त्या नसीरुद्दीन शाहला मान खाली घालून चालणारा कारकून. नुसती गंमत म्हणून केलेली ही उलटापालट नाही. फारुख शेखचा चेहरा बघून आपण आधीच विश्वास टाकलेला असतो. त्यामुळे चाळीतली माणसं बाशूला भुलतात तेव्हा आपण त्यांना मूर्ख म्हणूच शकत नाही, कारण आपणही भुललेले असतो. मी स्वतः पुन्हा पाहताना, शेवट पूर्ण ठाऊक असताना, बाशूच्या थापांवर खळखळून हसत होते आणि राजारामच्या भिडस्तपणावर चरफडत होते. म्हणजे मनाने मी बाशूच्याच बाजूला जाऊन बसले होते.

मग लग्नाच्या तोंडावर बाशू पळून जातो. राजाराम पुढे होतो. संध्या त्याच्यापासून काही लपवून ठेवत नाही, बाशूबरोबर काय घडलं ते सांगते. तो मागे हटत नाही. त्या क्षणी आधीचा तासभर आपण कुणाला हसत होतो आणि कुणाबरोबर हसत होतो याचा हिशेब प्रेक्षकाला स्वतःशी करावा लागतो. भाषण नाही, ठपका नाही. आणि बाशूला शिक्षाही नाही, तो पुढच्या शिकारीला मोकळा! ससा-कासवाच्या गोष्टीत शर्यत कासव जिंकतं. इथे जिंकणं म्हणजे नेमकं काय, हे सईंनी आपल्यावर सोडलंय.

'जाने भी दो यारो'मध्ये वाईट कोण हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. बिल्डर तरनेजा वाईट, दुसरा बिल्डर आहुजा वाईट, पालिका आयुक्त डिमेलो वाईट. आपण पहिल्यापासून शहाण्या बाजूला. म्हणून तो माझ्याकडे दुसरा. थोर आहे, पण दुसरा.

तुमचा क्रम सांगा. नुसते आकडे नकोत, एखादा प्रसंग धरून सांगा.

निगेटिव्ह:

अनुस्वार, 'कथा'बद्दल जे लिहिलंत ते मनापासून पटलं. तरी माझा पहिला नंबर 'जाने भी दो यारो', आणि दुसरा कुठलाही असला तरी बऱ्याच अंतराने.

मी संकलक आहे, त्यामुळे माझं बघणं तिथूनच येतं. महाभारताचा प्रसंग घ्या. सगळ्यांना तो आठवतो, पण तो का चालतो हे कुणी फारसं बोलत नाही. रंगमंचावर एकाच वेळी तीन टोळ्या आहेत आणि तिघींचा हेतू निराळा. विनोद आणि सुधीर या दोघा फोटोग्राफर नायकांना डिमेलोचं प्रेत वाचवायचंय, कारण तोच त्याच्या खुनाचा पुरावा. बिल्डर मंडळींना तेच प्रेत पळवायचंय. आणि बिचाऱ्या नाटकवाल्यांना फक्त नाटक पार पाडायचंय. मधोमध द्रौपदी झालेले सतीश शाह, ज्यांना काहीच नकोय कारण ते मेलेले आहेत. शिवाय खाली बसलेले प्रेक्षक, त्यांना सगळंच मान्य. दुर्योधन म्हणतो मला वस्त्रहरण करायचंच नाही, काळा चष्मा लावलेला भीम द्रौपदीवर भागीदारीचा हक्क सांगतो, कुठूनतरी अकबर-सलीम उगवतात, आणि आंधळा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारतो की हे चाललंय तरी काय.

एवढी माणसं एका चौकटीत कोंबली की साधारणपणे गोंगाट होतो, विनोद होत नाही. इथे प्रत्येक वेळी नेमकं कुणाकडे बघायचं हे आपल्याला कळतं. ते रेणू सलुजा यांचं काम. त्यांना पुढे संकलनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पण मी नवशिक्या मुलांना दाखवतो तो हाच प्रसंग. प्रतिक्रिया किती वेळ धरायची हे यात शिकायला मिळतं. धृतराष्ट्राचा प्रश्न एकदा आला तर ते वाक्य आहे. तो बरोबर त्याच क्षणी परत येतो जेव्हा आपणही तोच प्रश्न विचारणार असतो, तेव्हा तो विनोद होतो.

दुसरा प्रसंग टेलिफोनचा. नसीर आणि सतीश कौशिक एकाच खोलीत दोन फोनवर बोलतायत आणि कळत-नकळत एकमेकांशीच बोलायला लागतात. इथे जवळजवळ काहीच हाताशी नाही. दोन नट, दोन फोन, शब्द. संवाद रणजित कपूर आणि सतीश कौशिक यांचे. अशा प्रसंगात संकलकाने हात आवरता घ्यायचा असतो, नटांची लय मोडायची नसते. एका प्रसंगात इतकं काही घडतंय आणि दुसऱ्यात इतकं थोडं, आणि दोन्ही एकाच चित्रपटात शोभतात.

आणि हे सगळं एनएफडीसीच्या, म्हणजे सरकारी चित्रपट विकास महामंडळाच्या, सात लाखांच्या आसपासच्या पैशात, दिग्दर्शकाच्या पहिल्याच चित्रपटात. ज्या बागेत खून टिपला जातो तिचं नाव अँटोनिओनी पार्क, कारण फोटो मोठा करत गेल्यावर खून दिसतो ही कल्पना इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप'मधली. दोन्ही नायकांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा, म्हणजे कुंदन शाहांच्या मित्रांचीच. कंजूषपणाने केलेलं काम कुठेही वाटत नाही; हातात आहे ते सगळं ओतलंय असं वाटतं.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे. तुम्ही म्हणता यात आपण पहिल्यापासून शहाण्या बाजूला. मला तसं वाटत नाही. शेवट आठवा. 'हम होंगे कामयाब' वाजतंय, पूल पडल्याचा आरोप विनोद-सुधीरवर आलाय, दोघं कैद्याच्या कपड्यांत रस्त्यावरून चाललेत, आणि ते कॅमेऱ्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. कुणाकडे बघतायत ते? आपल्याकडे. २०१२ मध्ये नवी प्रिंट काढून तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मी मोठ्या पडद्यावर पाहिला. महाभारताला हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या होत्या. या शेवटाला माझ्या बाजूचा मुलगा स्वतःशीच "अरे?" असं म्हणाला. त्याला वाटलं होतं ते सुटतील.

माझा क्रम: जाने भी दो यारो, कथा, किसी से ना कहना, रंग बिरंगी.

रातराणी:

'मंडी' कुठे आहे?

अनुस्वार:

रातराणी, 'मंडी'ला विनोदी म्हणावं की नाही यावर माझं मन ठरत नव्हतं. बेनेगलांचा तो चित्रपट मला फार आवडतो. पण त्यातली फूलमणी, मुकी-बहिरी मुलगी, फसवून कोठ्यावर आणलेली, जीव द्यायला निघालेली. तिच्याकडे बघून यादीत घालायला हात धजेना. तुम्ही बाजू मांडा ना.

रातराणी:

मांडते. थोडं लांब होईल.

'मंडी' ज्या गोष्टीवर बेतलाय ती गुलाम अब्बास यांची 'आनंदी' ही उर्दू कथा. तिचा सांगाडाच विनोदाचा आहे. गावातले प्रतिष्ठित लोक ठराव करून कोठा गावाबाहेर काढतात. कोठा उजाड माळावर जातो. मग तिथे गिऱ्हाईक येतं, गिऱ्हाइकासाठी दुकानं येतात, आणि बघता बघता गावच कोठ्याभोवती येऊन वसतं. ज्याला हाकललं त्याच्याच दारात सगळे परत! याहून नेमका विनोद दुसरा कुठला? फरक एवढाच की यात कुणी घसरून पडत नाही. घसरते ती त्या मंडळींची प्रतिष्ठा.

आणि शबाना आझमींची रुक्मिणीबाई. एका दमात ती पोरींची आई असते, दुसऱ्या दमात मालकीण, तिसऱ्यात कुणा शेठपुढे गरीब बिचारी. हे तीन बदल ती एका वाक्यात करते, आणि त्यातला कुठलाच खोटा नसतो. पोरींवर तिची माया खरी आहे आणि धंदाही खरा आहे. फूलमणीचं म्हणाल तर ती आहे म्हणूनच त्या हसण्याला आधार आहे. ती नसती तर 'मंडी' रंगीत-संगीत कोठ्याची मजा होऊन बसला असता. विनोदी चित्रपटात दुःख आलं की तो विनोदी राहत नाही, असा नियम लावलात तर तुमचा स्वतःचा 'कथा'ही यादीतून जाईल.

नसीरचंही बघा. त्या एका सालात राजाराम, 'जाने भी दो यारो'चा विनोद, 'मंडी'तला दारुडा नोकर टुंगरूस, आणि शिवाय 'मासूम'मधला बाप. चार माणसं, आणि एकाची चाल दुसऱ्याला नाही. टुंगरूसचा वाकलेला पाठीचा कणा आणि राजारामची खाली घातलेली मान यांत किती फरक आहे ते कधी शेजारी शेजारी लावून बघा. राजाराम भिडेपोटी वाकलाय. टुंगरूसला आयुष्याने वाकवलंय.

अजून एक, 'जाने भी दो यारो'वाल्यांसाठी. तुम्ही सगळे नसीर, रवी वासवानी, सतीश शाह, ओम पुरी यांच्याबद्दल बोलता. भक्ती बर्वेंचं नाव कुणी घेत नाही, आणि मराठी माणसांच्या चर्चेत हे होऊ नये. 'खबरदार'ची संपादिका शोभा सेन. आपल्या पिढीला भक्तीताई दोन ठिकाणी माहीत होत्या: रंगमंचावर 'ती फुलराणी' म्हणून, आणि मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारा तो स्वच्छ, खणखणीत आवाज म्हणून. कुंदन शाहांनी तोच आवाज शोभाला दिला. ती अन्यायाविरुद्ध बोलते तेव्हा आपण मान डोलावतो, कारण त्या आवाजावर विश्वास ठेवायची आपल्याला सवय होती. आणि मग त्याच आवाजात, एकही स्वर न बदलता, ती गुन्हेगारांशी सौदा करायला बसते. खलनायिका झाली म्हणून ती डोळे बारीक करत नाही की आवाज खाली आणत नाही. अनुस्वार, तुम्ही फारुख शेखच्या चेहऱ्याबद्दल जे म्हणालात तेच इथे आवाजाने साधलंय. २००१ मध्ये त्या अपघातात गेल्या. हिंदीत त्यांना असं काम पुन्हा मिळायला हवं होतं, याची मला अजून हळहळ वाटते.

माझा क्रम: मंडी, कथा, जाने भी दो यारो. पुढच्या दोघांत मला रस नाही.

कोपऱ्यातला_बाक:

फक्त हिंदीच का? १९८३ लाच मराठीत 'गुपचुप गुपचुप' आला. रंजना, कुलदीप पवार, डॉ. लागू, आणि अशोक सराफांचा प्रोफेसर धोंड. त्या प्रोफेसरच्या बोलण्याचा ढंग आमच्या घरात अजून चालतो. माझ्या यादीत तो पहिल्या तिनात.

अनुस्वार:

कोपऱ्यातला_बाक, हिंदी एवढ्याचसाठी की मराठीचा क्रम लावायचा तर १९८८ घ्यावं लागेल, आणि तिथे 'अशी ही बनवाबनवी'पुढे दुसऱ्या कुणाचं काही चालायचं नाही! पण धोंड सरांना माझा नमस्कार. अशोक सराफांनी नुसत्या उच्चारांवर ते पात्र उभं केलंय.

भाटवडेकर_फॅन:

माझं नाव बघून कळलंच असेल मी कुठे उभा आहे. तुम्ही सगळ्यांनी 'रंग बिरंगी' आणि 'किसी से ना कहना' या दोघांना दोन वाक्यांत वाटेला लावलंत, याचं मला वाईट वाटलं. राहिलेली वकिली मी करतो.

'रंग बिरंगी'त उत्पल दत्त आहेत एसीपी धुरंधर भाटवडेकर. विचार करा, कलकत्त्याच्या रंगभूमीवरचा हा केवढा माणूस. 'कल्लोल' हे नौदलाच्या उठावावरचं नाटक गाजवलेला, १९६५ मध्ये सरकारने स्थानबद्ध केलेला, आयुष्यभर राजकीय नाटक जगलेला. तो मुंबईचा मराठी पोलीस अधिकारी होतो आणि 'भाटवडेकर' हे नाव असं उच्चारतो की पुढच्याने उठून उभं राहावं. या भूमिकेला विनोदी अभिनयाचं फिल्मफेअर मिळालं. रवी वासवानींनाही ते 'जाने भी दो यारो'साठी मिळालं, म्हणजे या एका सालातल्या दोन चित्रपटांना.

उत्पलदांच्या विनोदाचं मर्म असं की त्यांचं पात्र स्वतःला कधीच विनोदी समजत नाही. ज्यांना आपण विनोदी आहोत हे कळलंय असे नट डोळा मिचकावतात, थांबतात, टाळीची वाट बघतात. उत्पलदा चिडतात तेव्हा खरेच चिडतात. डोळे मोठे होतात, आवाज चढतो, आणि मध्येच एखाद्या शब्दावर तो असा चिरकतो की हसण्यावाचून गत्यंतर नाही. पण पात्राच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा प्रश्न असतो.

'किसी से ना कहना' घ्या. कैलाशपतींना, म्हणजे उत्पलदांना, इंग्रजी शिकलेल्या मुलींचा धसका बसलाय, सून हवी ती इंग्रजीचा गंध नसलेली. मुलाचं प्रेम आहे डॉक्टर रमोलावर. मग लालाजी, म्हणजे सईद जाफरी, मध्ये पडतात आणि रमोला अडाणी मुलगी बनून घरात सून म्हणून येते. वरवर बघितलं तर हा 'गोलमाल'चाच साचा आहे. हट्टी म्हातारा, त्याला फसवणारी तरुण मंडळी. पण 'गोलमाल'मध्ये फसवणारा नोकरीसाठी फसवतो. इथे फसवणारी सासऱ्याची लाडकी होऊन बसते, आणि तिलाही तो बापासारखा वाटायला लागतो. आता खोटं उघडं पडलं तर नोकरी नाही, माया जाणार. दीप्ती नवलने ते ओझं फार हलक्या हाताने दाखवलंय. सासरा लाड करतो तेव्हा ती हसते, पण पूर्ण हसत नाही.

त्यातली हॉटेलची पाटीही विसरू नका. आधी 'हनीमून हॉटेल' असलेली पाटी रंग बदलून 'हनुमान हॉटेल' झालेली. अर्ध्या मिनिटाची गंमत. त्याच दृश्याचं चित्र २०१८ च्या एका ट्विटमधून २०२२ मध्ये अटक आणि कोर्टापर्यंत गेलं. १९८३ मध्ये सेन्सॉरच्या कात्रीतून जशीच्या तशी सुटून थिएटरात दाखवली गेलेली पाटी ती.

अनुस्वार, तुमचा मुद्दा असा की विनोदाने प्रेक्षकाला स्वतःकडे बघायला लावावं. मान्य. पण हृषीदांनी त्याहून अवघड काम केलंय असं मला वाटतं. या दोन्ही चित्रपटांत वाईट माणूसच नाही. एकही नाही. बाशू नाही, तरनेजा नाही, गावचे ढोंगी नाहीत. सगळे भले लोक, आणि तरी दोन-सव्वादोन तास गुंता सुटत नाही. दुष्ट माणूस न वापरता गोष्ट पुढे ढकलायची तर प्रत्येक वळण स्वभावातून काढावं लागतं. लिहून बघा एकदा.

माझा क्रम: किसी से ना कहना, रंग बिरंगी, कथा, जाने भी दो यारो. 'मंडी' मला सोसत नाही, तो माझा मामला.

निगेटिव्ह:

भाटवडेकर_फॅन, वाईट माणूस नसलेली गोष्ट हा मुद्दा जोरदार आहे. पण मग 'रंग बिरंगी'चा शेवटचा भाग? पोलीस ठाण्यात सगळ्यांना एकत्र आणून गुंता सोडवायचा, ही सोय झाली. तिथे गोष्ट स्वभावातून सुटत नाही, एसीपी साहेब ती सोडवून देतात.

भाटवडेकर_फॅन:

साहेबांनी सोडवली तर सोडवू दे की! तीही स्वभावातूनच सोडवलीय. समोरचा प्रत्येक जण त्यांना गुन्हेगार वाटतो, म्हणून ते खोलात जातात. दुसरा अधिकारी असता तर सगळ्यांना घरी पाठवून मोकळा झाला असता.

अनुस्वार:

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आता माझं.

रातराणी, भक्ती बर्वेंच्या आवाजाबद्दल तुम्ही लिहिल्यावर मी शोभाचे प्रसंग परत लावून बघितले. पहिल्या भेटीत ती या दोघा फोटोग्राफरांशी बोलते आणि नंतर तरनेजाशी बोलते, दोन्हीकडे तीच नम्र ठामपणाची पट्टी. निगेटिव्ह यांनी सांगितलेल्या गळ्यावरून फिरणाऱ्या हातापेक्षा मला हे जास्त पुराव्यासारखं वाटतं. कॅमेऱ्याकडे बघणं ही शेवटी मारलेली हाक आहे. शोभाचा आवाज मात्र पहिल्यापासून आपल्याला फसवत होता. म्हणजे 'जाने भी दो यारो'तही प्रेक्षक शहाण्या बाजूला नव्हता, हे मला पटलं. दोन्ही चित्रपटांतलं अंतर त्यामुळे बरंच कमी झालं.

तरी 'कथा' वरच ठेवते, आणि कारण संध्या. 'जाने भी दो यारो'मध्ये फसलेल्यांना जगाने फसवलं. त्यांच्याबद्दल राग येतो, कळवळा येतो, पण ते आतून बदलत नाहीत, त्यांना तेवढी उसंतच मिळत नाही. संध्या स्वतःच्या पसंतीने फसते. तिला बाशू आवडला यात तिचं काही चुकलंय असं सई एकदाही म्हणत नाहीत, आणि राजाराम आवडला नाही यातही नाही. नंतर ती राजारामला खरं सांगते तेव्हा ती माफी मागत नाही, माहिती देते, जी लग्न करणाऱ्या माणसाला असायला हवी. १९८३ च्या पडद्यावर विनोदी चित्रपटातल्या मुलीला एवढा मान दुसऱ्या कुणी दिलेला मला दिसत नाही. 'जाने भी दो यारो'त शोभा सोडली तर बायकांना कामच नाही. नीना गुप्तांसारखी नटी तिथे येते-जाते एवढंच, आणि त्याच सालच्या 'मंडी'त तीच थोड्या वेळात किती ठसते.

भाटवडेकर_फॅन, कैलाशपती आणि रमोलाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, आणि 'किसी से ना कहना' मी एक घर वर नेते. देवेन वर्मांची क्षमा मागून.

तर आता माझा क्रम: कथा, जाने भी दो यारो, मंडी, किसी से ना कहना, रंग बिरंगी.

एक प्रश्न उरतोच. बासू चटर्जींचा 'पसंद अपनी अपनी' त्याच सालचा, मिथुन आणि रती अग्निहोत्रीचा. कुणी अलीकडे नीट पाहिलाय का? आदल्याच वर्षी 'शौकीन' करणारा दिग्दर्शक पुढच्या साली यादीच्या बाहेर राहावा हे मनाला पटत नाही.

रातराणी:

पाहिलाय. गोड आहे, पण पाचांत येणार नाही. 'शौकीन' मात्र १९८२ साठी राखून ठेवा. तो धागा मी काढते, आणि 'अंगूर' पहिला नाही असं तिथे कुणी म्हणून दाखवावं.

निगेटिव्ह:

मी म्हणेन. काढा धागा.